मुठीएवढं हृदय, मुठीतला फोन

गेल्या श्रावणातली गोष्ट. रविवार होता म्हणून मी गच्चीबावलीहून आई-बाबांकडे गेले होते. ते अजूनही आबिड्सलाच राहतात, चिराग अली लेनमधल्या जुन्या फ्लॅटमध्ये. जेवण झालं की बाबा हमखास आडवे होतात, पण त्या दिवशी खिडकीपाशी बसून राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "काही नाही गं. छातीत मधूनच कबुतर फडफडल्यासारखं होतं. जातं आपोआप."

आई आतूनच म्हणाली, "आपोआप जातं हे पंधरा दिवस ऐकतेय मी. कार्डिओग्राम काढून आणला, तो नॉर्मल आला. आता डॉक्टरकडे चला म्हटलं की ऐकत नाहीत."

बाबांचं वय ७१. बँकेतून निवृत्त. रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षं चालू. माझ्या फोनमध्ये व्यायामासाठी घेतलेलं नाडी मोजायचं ॲप होतं. सहज गंमत म्हणून त्यांचं बोट कॅमेऱ्यावर ठेवायला सांगितलं. पडद्यावर लहान लहान लाटा उमटू लागल्या. माझ्या बोटाच्या लाटा सारख्या अंतरावर येतात. बाबांच्या मात्र दोन जवळजवळ, मग मोठी फट, मग तीन घाईघाईने. बाबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे हप्ते वेळेवर येत नाहीयेत म्हणायचे!"

आम्ही हसलो खरं, पण ते हप्ते खरंच वेळेवर येत नव्हते. पुढच्या दोन महिन्यांत मी जे शिकले, ते आपल्या मंडळातल्या माझ्या वयाच्या सगळ्यांना उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. इथे काही निदान सापडणार नाही. डॉक्टरकडे कधी आणि काय घेऊन जायचं, एवढं नक्की कळेल.

बोटातून हृदय कसं दिसतं?

यात जादू काही नाही. फोनच्या मागचा दिवा लागतो आणि त्याचा उजेड बोटातून जातो. रक्त हा उजेड शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की बोटात रक्त थोडं जास्त येतं आणि कॅमेऱ्याकडे परत येणारा उजेड किंचित कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो पुन्हा वाढतो. हा फरक आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण सेकंदाला ३० चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्याला दिसतो. मनगटावरच्या घड्याळातला हिरवा दिवा हेच काम करतो. या पद्धतीचा पाया १९३० च्या दशकातच घातला गेला होता. फोनने ती घरोघरी आणली.

यातून दोन गोष्टी कळतात: मिनिटाला ठोके किती, आणि त्यांच्यातलं अंतर सारखं आहे की नाही. तिसरी गोष्ट, म्हणजे ठोका बिघडला तर का बिघडला, ती कळत नाही. त्यासाठी हृदयातल्या विजेचा आलेख लागतो. आई ज्याला कार्डिओग्राम म्हणते तो, ईसीजी.

ईसीजीची गोष्टही वाचण्यासारखी आहे. १८८७ मध्ये लंडनला ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयातली वीज शरीराबाहेरून पहिल्यांदा नोंदवली. पुढे नेदरलँड्समधल्या लायडनच्या विलेम आइंटहोव्हेन यांनी ती नीट वाचता येईल असं यंत्र बनवलं. ते इतकं अवजड होतं की रुग्णाकडे नेणं अशक्य. मग त्यांनी इस्पितळापासून आपल्या प्रयोगशाळेपर्यंत, सुमारे दीड किलोमीटर, टेलिफोनची तार वापरली. रुग्ण तिकडे मिठाच्या पाण्यात हात-पाय बुडवून बसायचा आणि त्याच्या हृदयाचा आलेख इकडे उमटायचा. हे साल होतं १९०५! म्हणजे फोनवरून हृदय पाठवण्याची कल्पना आपल्या आजोबांच्याही आधीची आहे. आइंटहोव्हेन यांना १९२४ चं नोबेल मिळालं.

आज मिठाच्या पाण्याच्या भांड्यांऐवजी बोटभर आकाराच्या दोन धातूच्या पट्ट्या आहेत. दोन्ही हातांची बोटं त्यांवर ३० सेकंद ठेवली की आइंटहोव्हेन यांचीच 'लीड वन' फोनवर उमटते. अमेरिकेत फोनला जोडायच्या अशा उपकरणाला २०१२ च्या अखेरीस मान्यता मिळाली. २०१८ मध्ये ॲपलच्या घड्याळात ही सोय आली. आपल्याकडेही काम झालं आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावणारं टेली-ईसीजी यंत्र तयार केलं, ते पूर्ण १२ लीडचा आलेख मोबाइलवरून दूरच्या डॉक्टरला पाठवतं. डेहराडूनच्या एका नव्या कंपनीने तर आपल्या उपकरणाचं नावच 'स्पंदन' ठेवलंय.

आणि ऐकायचं असेल तर?

ऐकणं म्हणजे 'लब-डब'. 'लब' हा वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपा मिटल्याचा आवाज, 'डब' हा हृदयातून बाहेर जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडावरच्या झडपा मिटल्याचा. पॅरिसच्या रेने लेनेक यांनी १८१६ मध्ये एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावायला संकोच वाटला म्हणून कागदाची सुरळी केली, आणि स्टेथोस्कोप जन्माला आला.

फोनचा माइक उघड्या छातीवर, डाव्या बाजूला टेकवला तर शांत खोलीत हा आवाज खरोखर ऐकू येतो. त्याची ॲपही आहेत. मी बाबांवर प्रयोग केला, पण आबिड्सच्या रस्त्याकडे तोंड असलेल्या खोलीत 'लब-डब'पेक्षा ऑटोचे हॉर्नच जास्त नोंदले गेले. यापेक्षा पुढची गोष्ट म्हणजे डिजिटल स्टेथोस्कोप. आयआयटी मुंबईतल्या गटाने असा स्टेथोस्कोप तयार केला, जो छातीतला आवाज ब्लूटूथने फोनवर पाठवतो. २०२० च्या कोविडच्या काळात त्याचं मोल कळलं, कारण संरक्षक पोशाख घातलेल्या डॉक्टरला रुग्णापासून अंतर ठेवून छाती ऐकता येत होती. मात्र एक लक्षात ठेवा. झडपेचा आवाज ओळखायला तयार कान लागतो. आपण आवाज साठवून ठेवू शकतो, त्याचा अर्थ लावणं आपलं काम नाही.

कबुतर सापडलं

बाबांचा कार्डिओग्राम नॉर्मल का आला होता? कारण दवाखान्यात गेले त्या वेळी कबुतर झोपलेलं होतं. ईसीजी फक्त काही सेकंदांचा असतो. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडधडतं. त्यातले दहा-बारा ठोके पाहून बाकीच्यांबद्दल काय सांगणार?

आम्ही दोन पट्ट्यांचं उपकरण घेतलं आणि बाबांना सांगितलं, फडफड झाली की लगेच बोटं ठेवायची. पहिल्या दोन नोंदी अगदी शहाण्या मुलासारख्या आल्या. नवव्या दिवशी पहाटे पावणेपाचला आईचा फोन आला. "अगं, यांनी बोटं ठेवलीत आणि फोन म्हणतोय अनियमित. काय करू?" छातीत दुखत नव्हतं, घाम नव्हता, बोलणं स्वच्छ होतं, चक्कर नव्हती. तरी घरातून निघून त्यांच्या दारात पोचेपर्यंत माझेच ठोके किती झाले ते मी मोजले नाहीत.

सकाळी हृदयरोगतज्ज्ञांनी ती नोंद पाहिली. फोनचं निदान त्यांनी वाचलंही नाही, सरळ आलेख मोठा करून पाहिला. मग छातीला होल्टर लावला, हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको केला, थायरॉइड तपासलं. निदान झालं ॲट्रियल फिब्रिलेशन. थोडक्यात एएफ.

एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तिथे रक्त साचतं, साचलेल्या रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. एएफ असणाऱ्याला पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो. वय वाढतं तसा आणि रक्तदाब, मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो. आपल्या देशात याला आणखी एक कारण आहे. लहानपणी झालेल्या संधिवाती तापामुळे झडपा खराब झालेल्या असतात, आणि अशांना एएफ तरुण वयातही होतो.

यावर उपाय आहे, हीच दिलाशाची गोष्ट. गुठळी होऊ न देणारी गोळी (जिला आपण 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतो, प्रत्यक्षात रक्त पातळ होत नाही) आणि ठोक्यांचा वेग आवरणारी गोळी. बाबा दोन्ही घेतात. डॉक्टर मला म्हणाले, "नोंद आणलीत हे बरं केलंत. पण नाडी मी मनगटावरच पाहिली असती तरी शंका आली असती. फक्त ती वेळ गाठायला हवी होती." फोनने नेमकी ती वेळ गाठली.

आता दुसरी बाजू

इथे लेख संपला असता तर तो जाहिरातीसारखा झाला असता. पण पुढे जे झालं तेही सांगायला हवं.

बाबांचं निस्तरल्यावर मी माझंच बोट ठेवू लागले. सकाळी, लिफ्टमध्ये, मीटिंगच्या आधी, रात्री झोप आली नाही की. एकदा घड्याळाने 'ठोके जास्त आहेत' असं सांगितलं आणि त्या भीतीने ठोके आणखी वाढले. एक-दोन नोंदी 'निष्कर्ष काढता येत नाही' अशा आल्या. रात्री दोनला नेटवर शोधत बसले. पंधरा दिवसांत मी इतकी परेशान झाले की शेवटी त्याच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, "तुम्हाला एकच आजार आहे. दिवसात चाळीस वेळा मोजण्याचा."

आकडे काय सांगतात ते पाहा. अमेरिकेत ॲपलच्या घड्याळावर मोठा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ४,१९,२९७ लोकांनी भाग घेतला. 'नाडी अनियमित आहे' अशी सूचना मिळाली फक्त ०.५२ टक्के लोकांना. त्यांना छातीला लावायच्या पट्ट्या पाठवल्या. ज्यांच्या पट्ट्या परत आल्या, त्यांतल्या ३४ टक्के लोकांत एएफ दिसला. बाकीच्यांत त्या दिवसांत दिसला नाही. काहींचा येऊन-जाऊन असणार, तर काहींची सूचना दुसऱ्याच कारणाने आली असणार. म्हणजे सूचना मिळाली तर दुर्लक्ष करू नये, आणि अंत्यसंस्काराची तयारीही करू नये!

तरुण, धडधाकट माणसात एएफ मुळात कमी. त्यामुळे तिशीतल्या माणसाला आलेली सूचना खोटी असण्याची शक्यता जास्त, सत्तरीतल्या माणसाला आलेली खरी असण्याची. शिवाय सगळी अनियमितता रोग नसते. श्वास आत घेताना ठोके वाढतात आणि सोडताना कमी होतात, हे तरुण हृदयाचं साधं लक्षण आहे. अधूनमधून एखादा ठोका चुकणं पुष्कळ निरोगी माणसांत होतं. चहा-कॉफी, जागरण, ताप, ताण यांनीही ठोके बदलतात. विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० सर्वसाधारण, पण रोज पळणाऱ्याचे ५० असले तरी घाबरायचं कारण नाही.

बाजारातली स्वस्त घड्याळंही जपून घ्या. खोक्यावर 'ईसीजी' छापलं म्हणजे आत ईसीजी असतोच असं नाही. दुसऱ्या हाताचं बोट धातूला टेकवायला सांगत नसेल, तर ते हृदयातली वीज मोजत नाही, फक्त उजेडावरून अंदाज करतं.

सव्वाशे वर्षांपूर्वीचा हैदराबादी वाद

एका खुणेवर किती विसंबायचं, हा प्रश्न आपल्या शहराला नवा नाही. आबिड्सला ज्यांच्यामुळे हे नाव मिळालं ते अल्बर्ट आबिड सहाव्या निजामांच्या, महबूब अली खान यांच्या पदरी होते. त्याच निजामांच्या काळात हैदराबादेत 'क्लोरोफॉर्म कमिशन' बसलं. पहिलं १८८८ मध्ये, दुसरं १८८९ मध्ये. त्या काळी शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्मची भूल देत आणि अधूनमधून रुग्ण टेबलावरच दगावत. वाद असा, की आधी श्वास थांबतो की हृदय? म्हणजे भूल देताना लक्ष कशाकडे ठेवायचं, श्वासाकडे की नाडीकडे?

इथल्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांचं ठाम मत होतं की फक्त श्वास पाहा, हृदयाला काही होत नाही. निजामांनी पैसे दिले, लंडनहून लॉडर ब्रंटन हे नामांकित डॉक्टर आले, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले, आणि कमिशनने लॉरींच्या बाजूने कौल दिला. हैदराबाद मेडिकल स्कूलमध्ये त्याच काळात शिकलेल्या रूपाबाई फरदूनजी पुढे जगातल्या सुरुवातीच्या महिला भूलतज्ज्ञ म्हणून ओळखल्या गेल्या. तिथल्या शिस्तीने श्वासाकडे काटेकोर लक्ष द्यायला शिकवलं, हे तिचं श्रेय.

पण १९११ मध्ये इंग्लंडमध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं की हलक्या भुलेतही क्लोरोफॉर्ममुळे हृदयाचे खालचे कप्पे एकाएकी थरथरू लागतात आणि क्षणात मृत्यू येतो. म्हणजे हृदयाचा ताल बिघडत होताच. खूप प्रयोग करूनही कमिशनला ते दिसलं नव्हतं, कारण निष्कर्ष आधीच ठरल्यासारखा होता. कोठीच्या रेसिडेन्सीवरून जाताना मला आता हे आठवतं. फोनवर हिरवी खूण आली म्हणून निर्धास्त होणं, हीसुद्धा तशीच चूक आहे.

घरी करायचं कसं?

आमच्या घरी आता हे नियम फ्रिजवर लावलेत.

१. आधी पाच मिनिटं शांत बसा. जिना चढून आल्या आल्या किंवा चहा पिऊन लगेच मोजू नका.

२. बोट कोमट हवं आणि हलकं टेकवायचं. दाबलं तर रक्त थांबतं. ईसीजीच्या वेळी हात मांडीवर ठेवा, बोलू नका.

३. रोज मोजायचं तर ठरलेल्या वेळी एकदा. बाकी फक्त त्रास होईल तेव्हा.

४. नोंदीसोबत दोन ओळी लिहा: किती वाजता, काय करत होतात, काय वाटलं, किती वेळ टिकलं. डॉक्टरांना आलेखाइतकाच याचा उपयोग होतो.

५. नोंद डॉक्टरांना दाखवा, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. बाबांचा आलेख ग्रुपवर टाकला तेव्हा तीन काका आणि एका मावशीने चार वेगवेगळी औषधं सुचवली. शिवाय ती खाजगी माहिती आहे. ॲप ती कुठे पाठवतं हे पाहून घ्या.

६. आलेख चांगला आला म्हणून गोळी बंद करायची नाही. एएफ येऊन-जाऊन असला तरी गुठळीचा धोका राहतो.

७. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय फोनच्या निष्कर्षावर जाऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. घड्याळाला किंवा फोनला हार्ट ॲटॅक ओळखता येत नाही. छातीत दाब, दुखणं हातात किंवा जबड्यात जाणं, घाम, धाप, शुद्ध हरपणं यांपैकी काही झालं तर बोट कॅमेऱ्यावर ठेवू नका, त्याच बोटाने १०८ लावा. बायकांत आणि मधुमेह असणाऱ्यांत दुखणं नसूनही नुसती धाप किंवा मळमळ असू शकते. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं ही पक्षाघाताची लक्षणं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून तिथे मिनिटं मोजायची, ठोके नाहीत. १०८ ची ही सेवा २००५ मध्ये आपल्याच हैदराबादेतून सुरू झाली. नंबर सगळ्यांना पाठ असतो, पण ऐन वेळी लोक आधी मुलाला फोन करतात. आईनेही पहाटे आधी मलाच केला होता.

फोनशिवायचं मोजमाप

शेवटी एक जुनी गोष्ट शिकून घ्या, तिला बॅटरी लागत नाही. अंगठ्याच्या खाली मनगटावर आपली मधली तीन बोटं हलकेच ठेवा. अंगठ्याने पाहू नका, त्याला स्वतःची नाडी असते. आपले वैद्य आणि चारमिनारजवळचे हकीम पिढ्यान्‌पिढ्या याच जागी बोटं ठेवत आले. पूर्ण एक मिनिट मोजा. ताल घड्याळासारखा आहे का, तेवढंच पाहायचं. तो सतत वेडावाकडा लागला, तर फोन काहीही म्हणो, डॉक्टरकडे जा.

आपल्यातले पुष्कळजण आता हायटेक सिटीच्या बाजूला राहतो, काहीजण पुण्याला, काही साता समुद्रापार. आई-बाबा सुलतान बाजार, काचीगुडा, आबिड्सच्या जुन्या घरांत. आपण त्यांना फोन घेऊन देतो, घड्याळ घेऊन देतो आणि कर्तव्य केल्यासारखं वाटतं. बाबांची फडफड पंधरा दिवस चालू होती आणि मी त्या पंधरा दिवसांत रोज व्हिडिओ कॉल केला होता. त्यात ती दिसली नाही. ती दिसली, ती जेवणानंतर शेजारी बसल्यावर.

आता दर रविवारी मी गेले की बाबा स्वतःच मनगट पुढे करतात. मी मिनिटभर धरते. परवा म्हणाले, "फोन आहे ना तुझ्याकडे, मग हात कशाला धरतेस?" मी म्हटलं, "हप्ता वसूल करायला." त्यांनी हात काढून घेतला नाही.